लांब आमेन

रस्ता ओलांडताना डोळे मिटू नयेत हे कळायला काही फार शिकावं लागत नाही. तरीही भर सकाळी, दुकानांची शटरं वर जाण्याच्या वेळेला, चौकातल्या पांढऱ्या पट्ट्यांवर अगदी मधोमध तिने डोळे मिटले, आणि एका स्कूटरवाल्याने कचकन ब्रेक दाबून तिच्या पिशवीला घासून स्कूटर थांबवली. "अहो बाई, झोपेत चालताय का?" तो ओरडला. चूक धडधडीत तिचीच होती, म्हणून तिने मुकाट्याने माफी मागितली, आणि माफी मागणारी बाई वयाने आपल्या आईएवढी आहे हे बघून तोही वरमला. "जपून जा हो," म्हणाला आणि निघून गेला. ती पलीकडच्या फुटपाथवर पोचली. पण तिला बसलेला धक्का स्कूटरचा नव्हता. रस्ता ओलांडताना ती मनातल्या मनात, रविवारी चर्चमध्ये तिला करायच्या असलेल्या प्रवचनाचं पहिलं वाक्य म्हणून बघत होती, आणि ते वाक्य ओठांशी आलं तशा पापण्या आपसूक खाली आल्या होत्या. ती एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि तेच वाक्य हळूच पुन्हा उच्चारलं. पुन्हा डोळे मिटले. मग तिने दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर धरून ठेवल्या आणि वाक्य म्हटलं, तर शब्दच फुटेना. पाव घेऊन चाललेला एक गृहस्थ तिच्याकडे बघत बघत पुढे गेला आणि त्याने वळूनही बघून घेतलं. तिने घाईघाईने डोळ्यात काही गेल्याचं नाटक केलं. म्हटलं तर हसू येण्यासारखी गोष्ट होती, आणि ती हसलीही, पण दुकानापर्यंतची उरलेली वाट तिने तोंड घट्ट मिटून काढली.

ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. इतकी वर्षं काढायची की त्या भागातले लोक तिला नंबरताईच म्हणत. आतल्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्ची, समोर अक्षरांचा उजळलेला तक्ता, आणि माणसाच्या नाकावर ती जड, कुरूप, चाचणीची फ्रेम. तीत एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं? दिवसभर हाच एक प्रश्न. लोक त्या खुर्चीत परीक्षेला बसल्यासारखे बसतात. दिसत नसलेलं अक्षर अंदाजाने ठोकून देतात, चुकलं तर ओशाळतात, आणि काही जण तर तिला वाईट वाटू नये म्हणून नवी काच चांगली आहे असं सांगतात. त्या सकाळी खुर्चीत बसलेल्या आजीबाई तर उत्तरच देईनात. "आता बरं की आधी?" तिने विचारलं. "तुम्हाला काय वाटतं?" आजी म्हणाल्या. "डोळे तुमचे आहेत, आजी." "ते खरं, पण शिकलेल्या तुम्ही. तुम्ही सांगाल ते बरं." ती वाकून त्यांच्या डोळ्यात प्रकाश टाकून बघत होती. बाहुली लहान झाली. बुबुळाभोवती म्हातारपणाचं निळसर कडं होतं. माणसांच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघणं तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. लाजाळू माणसं, चिडकी माणसं, नुकतीच रडून आलेली माणसं, सगळ्यांच्या डोळ्यात तिने बघितलं होतं आणि कधी संकोच वाटला नव्हता. मग चर्चचं एक वाक्य बोलताना तिला डोळे मिटावे का लागावेत? काच बदलता बदलता तिला उत्तर ठाऊकच होतं. चर्चमध्ये ती आजवर उघड्या डोळ्यांनी काही बोललीच नव्हती.

त्यांच्या चर्चमध्ये बायकांना पुष्कळ काही करता यायचं. फुलं लावता यायची, पडदे धुता यायचे, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवता यायचं, उपासना संपल्यावर चहाचे कप विसळता यायचे, त्याला तर कधीच कोणाची हरकत नव्हती. पायऱ्यांच्या खाली उभं राहून प्रार्थनाही करता यायची. फक्त प्रवचन करता यायचं नाही. पायऱ्या चढून वरच्या लाकडी व्यासपीठावर उभं राहायचं, मंडळीच्या तोंडाकडे बघायचं आणि पवित्र शास्त्र उलगडून सांगायचं, ते काम पुरुषाचं. शास्त्रातल्या एका पत्रात प्रेषिताने तसं लिहिलं होतं आणि मंडळीने ते पिढ्यान्पिढ्या पाळलं होतं. आता चर्चला नवे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आले होते, तरुण, उत्साही, पंचांशी महिनोन्महिने हुज्जत घालूनही आवाज न चढवणारे. शेवटी पंचांनी ठराव केला की यापुढे मंडळीतल्या बायकांनीही प्रवचन करावं. पाळकांनी दुकानात फोन करून सांगितलं, "ताई, पहिलं प्रवचन तुमचं. दुसरं नाव कोणाच्या तोंडीसुद्धा आलं नाही." तिला इतका आनंद झाला की हातातली काच तिने उलटी बसवली. मग पाळक जरा चाचरत म्हणाले, "ठराव तसा सगळ्यांचाच होता. फक्त तुमचे दादा विरोधात होते. ते म्हणाले, तसं नोंदवून घ्या."

दादाने हात वर केला असेल तो ताठ, कोपरात न वाकवता केला असेल, हे तिला तिथे नसूनही दिसलं. दादा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. उभं आयुष्य साखळी आणि दुर्बीण घेऊन लोकांच्या हद्दी ठरवण्यात गेलं. कोणी कितीही गयावया केली, कितीही मोठ्या साहेबाची चिठ्ठी आणली, तरी खुंटी जिथे यायची तिथेच ठोकायचा. लोक त्याला तोंडावर दादासाहेब आणि मागे खुंटी म्हणत. त्याला तेही माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. वडील गेले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती आणि तो नुकता नोकरीला लागला होता. त्यानंतर तिला वाढवलं ते दादाने आणि आत्याने. रोज जेवणं झाली की टेबल पुसलं जायचं, दादा शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि म्हणायचा, "उभी राहा. काय समजलं ते सांग." तिने पाठ केल्यासारखं घडाघडा म्हणायला सुरुवात केली की हात वर करून थांबवायचा. "शास्त्रातले शब्द शास्त्रात आहेतच. तुझ्या शब्दांत सांग." आणि तिने आपल्या शब्दांत काही रचून सांगितलं की, "हे कुठे लिहिलंय? दाखव." या दोन वाक्यांच्या कात्रीत ती लहानाची मोठी झाली. कधी रडायलाही यायचं. भूक लागल्यासारखी झोप आलेली असायची, आत्या पलीकडून खुणा करायची की सोड आता पोरीला, पण दादा सोडायचा नाही. आज प्रवचनाची तयारी करताना तिला प्रत्येक वाक्यापाशी ती दोन वाक्यं ऐकू येत होती. तुझ्या शब्दांत सांग. कुठे लिहिलंय, दाखव. मंडळीतल्या कुठल्याही पुरुषाला इतकं पक्कं कोणी शिकवलं नव्हतं. ज्याने हे सगळं तिच्या पदरात घातलं त्यानेच हात वर करून म्हणावं, नोंदवून घ्या, यावर हसावं की रडावं तिला कळेना.

आणि आत्या. आत्याला मंडळीतली पोरं 'लांब आमेन' म्हणायची, कारण आत्या प्रार्थनेला उभी राहिली की आमेन कधी येईल याचा नेम नसायचा. आत्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिच्या हातांना कायम गरम कपड्याचा आणि खळीचा वास यायचा. चादरीची घडी घालावी तशी ती प्रार्थना सुरू करायची, टोकाला टोक जुळवून. हवेबद्दल आभार, पाण्याबद्दल आभार, आजारी माणसांची नावं, प्रवासातल्या माणसांची नावं. मग क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "हे प्रभू, तू जाणतोस." एवढं ऐकलं की पोरं कोपराने एकमेकांना ढोसायची, कारण आता गाडी हमरस्ता सोडणार. "हे प्रभू, तू जाणतोस, आज आमच्यात असा एक जण बसलाय ज्याने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंय. त्याचं नाव मी घेत नाही, तुला ठाऊक आहे. तू आम्हाला शिकवलंस की वेदीपाशी येण्याआधी भावाकडे जा. पण प्रभू, भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि वेदी जवळ पडते, म्हणून आम्ही वेदीपाशी येतो." मग त्यावर दहा-पंधरा मिनिटं, उदाहरणांसकट. ते नखशिखान्त प्रवचन होतं आणि ते प्रवचन आहे हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळायचं. पण करणार काय? प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, आणि डोळे न उघडता उठून हरकत कशी घ्यायची? सगळी मंडळी माना खाली घालून, हात जोडून, निमूटपणे ऐकायची. एकदा तेव्हाच्या पाळकांना राहवलं नाही. आत्याने श्वास घ्यायला उसंत घेतली तेवढ्यात त्यांनी मोठ्याने "आमेन!" म्हणून टाकलं. आत्या तितक्याच भक्तिभावाने म्हणाली, "आमेन, प्रभू. आणि हे प्रभू, तू हेही जाणतोस," आणि पुढे चालू. त्यानंतर कोणी तो प्रयोग केला नाही.

त्या लांब प्रार्थनांपैकी एक तिच्यासाठी होती. ती शाळेत मागे पडत चालली होती, मास्तर तिला मठ्ठ म्हणायला लागले होते, आणि दादा जेवणानंतरच्या वाचनात आणखीच कडक झाला होता. एका रविवारी आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "हे प्रभू, तू जाणतोस, आमच्यात एक मुलगी आहे जिला फळ्यावरचं दिसत नाही. तिला वाटतं दिसत नाही हा आपला गुन्हा आहे, म्हणून ती सांगत नाही. आणि मोठ्या माणसांना वाटतं तिला येत नाही. प्रभू, तू आंधळ्यांना आधी काही पाठ म्हणून दाखवायला लावलं नाहीस. आधी त्यांना दृष्टी दिलीस." ती खाली मान घालून बसली होती आणि तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या. आत्याला कसं कळलं? तिने तर कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेल्या दादाचा श्वास अडकल्याचं तिला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दादाने रजा टाकली, तिला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि डोळे तपासायला नेलं. त्या अंधाऱ्या खोलीत कोणीतरी तिच्या नाकावर जड फ्रेम ठेवली, काच सरकवली, आणि तक्त्यावरची सगळी अक्षरं एकदम आपापल्या जागी येऊन उभी राहिली. बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा झाडाला सुटी सुटी पानं असतात हे बघितलं. दादा सायकल हातात धरून चालत राहिला, आणि मध्येच त्याने नाक शिंकरलं. तिचा धंदा, तिची भाकरी, तिचं सगळं आयुष्य त्या एका प्रार्थनेतून आणि त्या एका रजेतून निघालं होतं. हे आठवलं की तिचा ऊर आजही भरून येत असे. अंधाऱ्या खोलीत, आजींच्या नाकावर फ्रेम ठेवताना, आत्ताही आला.

"हे," आजी एकदम म्हणाल्या. "हे बरं. आधी बरं नव्हतं, मी उगीच म्हणत होते." तिने नंबर लिहून घेतला.

दुपारी वहिनीचा फोन आला. वहिनी आयुष्यभर दादा आणि जग यांच्यात बिजागरीसारखी राहिलेली बाई. "अगं, हे म्हणतात ती वर चढली तर मी बसणार नाही," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. म्हणजे दादा घरातच कुठेतरी होता. "बोलतात ते करतात, तुला माहितीये. म्हणून मला एक सुचलं. तू खालीच उभी राहा ना. पायऱ्यांच्या खाली. प्रार्थना म्हणून बोल. सगळं तेच बोल, एक शब्द कमी करू नकोस. आत्या बोलायच्या तसं. पाळकांनाही चालेल, ह्यांनाही चालेल. कोणाचं काही बिघडत नाही." ती म्हणाली, बघते. आणि खरंच बघत राहिली, समोरच्या भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमांकडे. वहिनीचं म्हणणं काही वावगं नव्हतं. आत्या गेल्यापासून पायऱ्यांखालची ती जागा आपोआप तिच्याकडे आली होती आणि तिथे उभी राहून ती वर्षानुवर्षं तेच करत आली होती. तिलाही 'तू जाणतोस' चांगलं जमायचं. लोक नंतर हात हातात घेऊन सांगायचे, ताई, तुमच्या प्रार्थनेने बरं वाटलं. पण आपलं बोलणं ऐकताना त्यांचे चेहरे कसे होतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं, कारण तिचेही डोळे मिटलेले असत. आत्याचेही असत. लहानपणी एकदा तिने प्रार्थनेत चोरून डोळे उघडून आत्याकडे बघितलं होतं. तिला वाटलं होतं आत्या नक्की एक डोळा किलकिला करून बघत असणार कोणाला कसं झोंबतंय ते. पण आत्याचे डोळे गच्च मिटलेले होते, कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर चोरीचा मागमूस नव्हता. ती खरोखरच देवाशी बोलत होती. माणसांना सुनवायचं तेही देवालाच सांगत होती. आज तिला वाटलं, म्हणजे प्रार्थना वेगळी आणि प्रवचन वेगळं हे दादाचं म्हणणंही थोडं खरंच आहे की.

पण मग तो शनिवार आठवला. आत्या आणि ती चर्च झाडायला गेल्या होत्या. आत्या फडकं घेऊन व्यासपीठ पुसायला वर चढली. पुसण्यासाठी चढायला बायकांना कधीच बंदी नव्हती. कठडा पुसून झाला, शास्त्र ठेवायची तिरपी फळी पुसून झाली, तरी आत्या खाली येईना. हातात फडकं, पदर खोचलेला, आणि रिकाम्या बाकांकडे बघत उभी. ती खालून वर बघत होती. तिला वाटलं आत्या आता काहीतरी बोलेल. मोठं काहीतरी. आत्याने घसा खाकरलासुद्धा. आणि म्हणाली, "इथून पंखे किती घाण दिसतात गं." मग खाली उतरली आणि दोघींनी शिडी आणून पंखे पुसले. इतकी वर्षं त्या गोष्टीला ती हसत आली होती. घरात कोणाला हसवायचं झालं की सांगत आली होती. आज काउंटरपाशी उभ्या उभ्या ती आठवण आली आणि हसू आलं नाही. आत्या वर चढून त्या रिकाम्या बाकांवर कोणाकोणाला बघत होती, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती दादाकडे गेली. दादा पुढच्या खोलीत जमिनीवर जुना कागद पसरून बुटांना पॉलिश करत बसला होता. शनिवारी संध्याकाळी तो दुसरं काही करत नसे. तिने समोर स्टूल ओढलं. वहिनी चहा ठेवते म्हणून आत गेली ती आतच राहिली. "तब्येत?" दादाने विचारलं. "बरी आहे." "दुकान?" "चाललंय." मग ब्रशचा आवाज. तिने ठरवून आणलेलं सगळं बोलणं त्या आवाजात विरून जाईल असं वाटलं, म्हणून ती पटकन म्हणाली, "दादा, आत्या आयुष्यभर बोललीच ना?"

"ती प्रार्थना करत होती."

"तुला खरंच तसं वाटतं?"

दादाने बूट उजेडाकडे धरून बघितला. "डोळे मिटून होती. देवाशी बोलत होती. बाकीच्यांनी ऐकलं असेल तर तो त्यांचा प्रश्न."

"आम्ही सगळे शिकलो तिच्याकडून. तूसुद्धा. मला चष्मा लागला तो कशाने?"

"शिकलो," दादा सरळच म्हणाला. "मी नाही कधी म्हटलं? पण शिकणं वेगळं आणि शिकवायला वर उभं करणं वेगळं. तिथे लिहिलंय ते मी लिहिलेलं नाही. मला पटतं म्हणून मी पाळत नाही, लिहिलंय म्हणून पाळतो. उद्या मला न पटणारी प्रत्येक ओळ मी पुसायला लागलो तर मग उरेल काय?"

"पण त्याच शास्त्रात प्रभूच्या थडग्यापाशी आधी बायकाच गेल्या होत्या. त्यांनाच सांगितलं होतं, प्रभू उठलाय हे जाऊन सांगा म्हणून. कुठे लिहिलंय ते दाखवू?"

"माहितीये कुठे लिहिलंय." दादाचा ब्रश थांबला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जेवणानंतरच्या त्या टेबलाशी असायचा तसा, नीट उत्तर आल्यावरचा, दिसेल न दिसेल इतका आनंद येऊन गेला. मग तो गेला. "ठराव झालाय. मी हरलो. तुला अडवायला मी येणार नाही. पण मला तिथे बसवू नकोस. नाहीतर खाली उभी राहून प्रार्थना कर, हवी तेवढी लांब कर. मी पहिल्या बाकावर बसेन."

तिला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर सोपं झालं असतं. तो विनवत होता. दादाने कोणाला विनवलेलं तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक पाऊल मागे घेतलं की वर्षानुवर्षांचा रविवार जसाच्या तसा राहील, दादा पहिल्या बाकावर, ती पायऱ्यांखाली, आणि जेवायला दुपारी सगळे एकत्र. "दादा, तूच मला उभं राहून सांगायला शिकवलंस," ती म्हणाली. "रोज. झोप आली तरी. त्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. पण तू मला डोळे मिटून सांगायला नव्हतं शिकवलंस." वहिनीने आणलेला चहा तिने उभ्यानेच घेतला. निघाली तेव्हा दादाच्या पुढ्यात एक बूट चमकत होता आणि दुसरा तसाच पडला होता.

रविवारी चर्च भरलेलं होतं. एरवी सणावाराला फिरकणारी मंडळीही आली होती, कोणी तिच्या कौतुकाला, कोणी नुसती काय होतंय ते बघायला. वहिनी खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर एकटी होती आणि शेजारची जागा तिने पिशवी ठेवून धरली होती. गाणी झाली, वाचन झालं. पाळकांनी मान हलवली आणि ती उठली. आदल्या रात्रीपर्यंत तिचं ठरत नव्हतं, खाली थांबायचं की वर जायचं. पायऱ्यांपाशी आली तेव्हाही ठरलं नव्हतं. पण पाय थांबले नाहीत आणि ती वर पोचली. कठडा तिला वाटला होता त्यापेक्षा उंच निघाला. माईक पुरुषाच्या तोंडाच्या उंचीवर होता, तो तिने खाली ओढला तेव्हा तो करकरला. मग तिने मान वर केली. सगळे डोळे तिच्याकडे लागले होते. त्यांतल्या अर्ध्याअधिक डोळ्यांचे नंबर तिने स्वतः काढलेले होते, तरी अंगावर काटा आला. तिने श्वास घेतला, पापण्या ताणून उघड्या ठेवल्या, आणि पहिलं वाक्य म्हटलं.

आणि सगळ्यांनी डोळे मिटले. तिला आधी कळेचना काय झालं. शेतावरून वारा जावा तशा पुढून मागपर्यंत माना खाली गेल्या. हात जोडले गेले. आयांनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून ती खाली दाबली. म्हाताऱ्या माणसांनी चष्मे काढून मांडीवर घेतले. वहिनीनेही मान खाली घातली. इतकंच काय, बाजूच्या खुर्चीत बसलेल्या पाळकांनी, ज्यांनी या दिवसासाठी महिनोन्महिने हुज्जत घातली होती, त्यांनीही. त्यात कोणाचा कावा नव्हता की विरोध नव्हता. या मंडळीत समोरून बाईचा आवाज आला की ती प्रार्थना, एवढंच त्यांच्या कानांना माहीत होतं. ती वर उभी आणि समोर नुसत्या टाळू, भांग, टकलं, केसांच्या गाठी. चर्च शांत झालं, आत्याच्या वेळी व्हायचं तसंच. आता ती पुढे बोलली असती तर सगळं ऐकलं गेलं असतं, मनापासून ऐकलं गेलं असतं, आणि कोणाला कळलंही नसतं की हे प्रवचन होतं. तिच्या घशात 'हे प्रभू' येऊन थांबलं. ते म्हटलं की झालं. तिच्या पापण्या जड झाल्या आणि खाली यायला लागल्या.

तेवढ्यात मागच्या दारात तिला दोन डोळे दिसले. दादा आला होता. आत आला नव्हता, उंबऱ्यावर उभा होता, एक हात दारावर, अंगात रविवारचा कोट, आणि चेहरा आंबट. पण मान वर होती आणि डोळे सताड उघडे. आख्ख्या चर्चमध्ये तेवढेच दोन डोळे उघडे होते आणि ते तिच्यावर रोखलेले होते. तिला कळायला वेळ लागला नाही. दादाला ते पसंत नव्हतं, मान्य नव्हतं, पण उपासनेच्या पत्रिकेवर प्रवचन लिहिलं होतं आणि ती वर उभी होती, म्हणजे ते प्रवचन होतं. प्रार्थनेला डोळे मिटायचे, प्रवचनाला उघडे ठेवायचे. खुंटी जिथे येते तिथेच. सगळी मंडळी प्रेमाने तिला प्रार्थना करू देत होती, आणि तिच्याविरुद्ध हात वर करणारा एकटा माणूस तिचं प्रवचन ऐकत होता. तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण ते मिटले नाहीत. इतकी कृतज्ञता तिला एका वेळी कधी वाटली नव्हती, आत्याबद्दल, या खाली गेलेल्या भाबड्या मानांबद्दल, आणि दारातल्या त्या आंबट चेहऱ्याबद्दल.

"डोळे उघडा," ती म्हणाली.

कोणी हललं नाही. त्यांना तोही प्रार्थनेचाच भाग वाटला असावा.

"अहो, डोळे उघडा," ती मोठ्याने म्हणाली, आणि माईक किंचाळला. "मी देवाशी बोलत नाहीये. तुमच्याशी बोलतेय."

एक मान वर आली, मग दुसरी. कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्या चर्चभर हसू पसरलं, ओशाळं, आपलं, घरातलं. पाळक लाजून लालबुंद झाले. चष्मे पुन्हा नाकांवर चढले. चेहरे वर आले, एकामागून एक, आणि तिला दिसले. वहिनी रडत होती आणि हसत होती. भावाशी न बोलणाऱ्या त्या माणसाचा मुलगा, आता स्वतःच म्हातारा झालेला, गाल तळव्यावर टेकून वाट बघत होता. इथून लोक असे दिसतात तर.

दादा आत आला. खिडकीजवळच्या आपल्या जागेवर गेला नाही. शेवटच्या बाकाच्या टोकाला, जिथे तो जन्मात कधी बसला नव्हता, तिथे टेकला. त्याने शास्त्र काढून मांडीवर उघडलं, बोट जिभेला लावलं आणि पानावर ठेवून थांबला. कुठल्याही पाळकाला, बाहेरून आलेल्या बड्या पाहुण्यालासुद्धा, त्याने वचन पडताळून बघितल्याशिवाय कधी सोडलेलं नव्हतं, आणि एखाद्याने ठिकाण सांगायचं राहिलं तर बसल्या जागेवरून विचारायला तो कचरत नसे. तिने पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं. मग दुसरं म्हटलं. दादाने चष्म्यावरून वर बघितलं.

"अध्याय कितवा?" त्याने खणखणीत आवाजात विचारलं.

तिने सांगितला.